स्वेटर घालण्यापूर्वी विचारावे

"थंडी आहे," श्रीपत रंगारी म्हणाले.

ही हवामानाची बातमी नव्हती, हुकूम होता. काथ्या रंगाचा एक स्वेटर त्यांनी दोन्ही हातांत पसरून धरला होता आणि जाळं टाकायच्या बेतात असलेल्या कोळ्यासारखे ते दारात उभे होते. जाळ्यात सापडायची पाळी त्यांच्या मुलीची, प्रणिताची होती.

"मला नाही वाजत, बाबा."

"वाजते. तुला कळत नाही."

प्रणिता छत्तीस वर्षांची होती. प्राथमिक शाळेत शिकवत होती. तिच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं होती आणि त्यातली बहुतेक तिने वाचलेलीही होती. पण स्वतःला थंडी वाजते की नाही हे तिला कळतं, असं घरात कोणी मानत नव्हतं. तो विषय बाबांच्या खात्यात होता. तसे बरेच विषय त्यांच्या खात्यात होते. दातांच्या डॉक्टरने "कौन सा दाँत?" असं विचारलं की बाबा पुढे होऊन "नीचे वाला, दाहिना" असं सांगून टाकत, आणि तोवर प्रणिताच्या तोंडात आरसा गेलेला असे. लखनौच्या अमीनाबाद बाजारात कापडवाल्याने निळं कापड उलगडलं की बाबा म्हणत, "इनको नीला नहीं जँचता." मग खरं गिऱ्हाईक कोण हे ओळखून कापडवाला निळं गुंडाळून ठेवी. हा स्वेटरही तसाच घरात आला होता. काथ्या रंग मळत नाही म्हणून.

रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं, हीच तर अडचण होती. नोकरीसाठी भंडाऱ्याहून लखनौला आलेला, रेल्वेच्या कारखान्यात फोरमन होऊन निवृत्त झालेला हा माणूस घरात कधी आवाज चढवत नसे. तो फक्त विचारत नसे. प्रणिताला भांडायचंही नव्हतं. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, बाबांनी आपल्याला विचारावं, एवढंच तिला हवं होतं. उत्तर काय द्यायचं ते ती त्या वेळी बघणार होती.

"घाल ना बाई, काऊन वाद घालून राहिली," स्वयंपाकघरातून आईने, गयाबाईंनी, आवाज दिला. "यायचं समाधान होते."

"आई, आज शाळेत कार्यक्रम आहे. साहेब येणारेत. त्यांच्यापुढे हे घालून उभी राहू?"

"साहेबाला काय थंडी वाजत नाही?" बाबा म्हणाले.

२०१२ सालचा नोव्हेंबर होता. वृंदावन योजना या वसाहतीतल्या त्यांच्या गल्लीत सकाळी पातळ धुकं असे आणि दुपारी माणसं ऊन टाळत चालत. त्यामुळे थंडी आहे की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येत असे. हा त्या घराचा शेवटचा साधासुधा दिवस आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर स्वेटरवरून एवढी झटापट झाली नसती. किंवा कदाचित जास्तच झाली असती.

"घालते," म्हणून प्रणिताने स्वेटर हातात घेतला. बाबा स्कूटर काढायला गेले तसा तो सोफ्यावरच्या उशीमागे सारला आणि बाहेर येऊन ती त्यांच्या पाठीमागे बसली. वाटेत वारा होता. पदर उडू नये म्हणून तिने तो दोन्ही हातांभोवती घट्ट गुंडाळून घेतला.

शाळेच्या फाटकाशी ती उतरली तेव्हा कुठे बाबांनी वळून पाहिलं.

"स्वेटर?"

"राहिला वाटतं."

बाबांनी स्कूटर वळवली.

कार्यक्रम बालहक्क दिनाचा होता. शिक्षण हक्काचा कायदा येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, शाळेच्या भिंतीवर त्याचं चित्रही रंगवून झालं होतं, आणि आता मुलांना त्यांचे हक्क शिकवावेत असा वरून निरोप आला होता. मुख्याध्यापिका निगम मॅडमनी ते काम प्रणितावर सोपवलं. "प्रणिता जी, आप पढ़ती-लिखती हैं, आप ही कर लीजिए." त्यांच्या डोळ्यांपुढे साधा सरळ कार्यक्रम होता. मुलं चार वाक्यं पाठ करतील, शिक्षण खात्याच्या साहेबांपुढे म्हणतील, टाळ्या होतील, समोसे होतील.

प्रणिताची चूक एवढीच झाली, की तिने मुलांना ते खरोखरच शिकवलं. आठवडाभर तिने फळ्यावर चित्रं काढली. डोक्यावर विटा घेतलेला मुलगा काढला आणि त्याच्यावर मोठी फुली मारली. खेळायचा हक्क सांगितला, विश्रांतीचा सांगितला. पण सगळ्यात रंगून ती एकच गोष्ट शिकवी: मुलांच्या बाबतीत काही ठरवायचं असेल तर आधी मुलांना विचारलं पाहिजे. एवढ्या पोटतिडकीने ती हे का सांगते, हे पाचवीच्या वर्गाला कळण्यासारखं नव्हतं. पण एरवी खिडकीबाहेर बघत बसणारी पिंकीसुद्धा या धड्याला टक लावून बघे.

आता शाळेची रीत अशी होती, की शिपाई एकच होता आणि तो कायम कसले तरी कागद घेऊन कुठल्या तरी कार्यालयात गेलेला असे. बाकी शाळा मुलंच चालवत. खुर्च्या मुलं हलवत, पटांगण मुलं झाडत, घंटा मुलं वाजवत आणि समोरच्या टपरीवरून मॅडम लोकांचा चहाही मुलंच आणत. यात कोणाला काही गैर वाटत नसे. उलट चहा आणायला आपली निवड होणं हा मान होता. त्यावरून मधल्या सुट्टीत मारामाऱ्या होत.

"पाँचवीं क्लास!" निगम मॅडमनी पटांगणातून हाक दिली. "हॉल से कुर्सियाँ ले आओ. जल्दी!"

पाचवी हलली नाही.

"सुनाई नहीं दिया?"

पिंकी दोन पावलं पुढे आली. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, हात मागे बांधलेले. लखनौची मुलगी, नकार द्यायचा तरी अदबीनेच. "मॅडम जी, माफ कीजिएगा. कुर्सी हम लोग नहीं उठाएँगे. यह बालश्रम है."

"क्या है?"

"बालश्रम. सिर पर बोझ." खुर्ची उलटी करून डोक्यावर कशी घेतात ते पिंकीने हातांनी करून दाखवलं आणि त्यावर हवेतच एक मोठी फुली मारली.

निगम मॅडमनी सावकाश मान वळवून प्रणिताकडे पाहिलं.

"मैंने तो ईंट-भट्ठे का पढ़ाया था," प्रणिता पुटपुटली. "कुर्सी का नहीं." मग ती मुलांकडे वळली. "पिंकी बेटा, यह काम थोड़े ही है. यह तो मदद है."

"मदद में तो पूछते हैं, मॅडम," मागच्या रांगेतून अरमान म्हणाला. "आपने ही बताया था. हुक्म नहीं देते, पूछते हैं."

आपलंच वाक्य आठवड्याभरात एवढं धष्टपुष्ट झालं असेल, असं प्रणिताला वाटलं नव्हतं.

निगम मॅडमनी घड्याळ पाहिलं, फाटकाकडे पाहिलं आणि दातांतून, पण शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, "बच्चो, क्या आप लोग कुर्सियाँ ला देंगे?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. "सोचकर बताते हैं," पिंकी म्हणाली, आणि पाचवीचा वर्ग कडुलिंबाखाली सभा भरवायला निघून गेला.

तेवढ्यात फाटकातून बाबा आत आले. खांद्यावर स्वेटर होता.

"उशीमागे होता," ते म्हणाले. "कसा गेला असेल, काय माहीत. घाल."

"बाबा, आत्ता नको. इथे खुर्च्या आणायच्यात आणि मुलं आणत नाहीत."

"काऊन?"

"त्यांचा हक्क आहे."

"मग कोण आणणार?"

बाबांना उत्तर लागत नव्हतंच. स्वस्थ उभं राहणं त्यांना कधीच जमलं नाही. निवृत्तीनंतर तर शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाक्यांनासुद्धा त्यांचा धाक होता. त्यांनी स्वेटर कमरेला बांधला, हॉलमध्ये गेले आणि दोन खुर्च्या डोक्यावर घेऊन बाहेर आले. त्यांच्यामागोमाग, नाइलाजाने, साड्यांचे पदर खोचून शाळेच्या बाकीच्या शिक्षिका निघाल्या. बाबांच्या अंगात कारखाना संचारला. "लाइन सीधी रखिए! वो पीछे वाली, हाँ आप, थोड़ा दाएँ!" त्या मागच्या निगम मॅडम होत्या. त्या थोड्या उजवीकडे सरकल्या.

इकडे कडुलिंबाखालून लोण चौथीत गेलं, चौथीतून तिसरीत. घंटा वाजवणाऱ्या मुलाने हातोडी खाली ठेवली. लोखंड जड असतं, असं त्याचं म्हणणं होतं. घंटा वाजली नाही म्हणून मधली सुट्टी झाली नाही. सुट्टी झाली नाही म्हणून डबे उघडेनात. थोड्या वेळाने सगळ्या मुलांच्या एकदमच लक्षात आलं, की या हक्कापायी आपणच उपाशी मरतो आहोत. तातडीची दुसरी सभा झाली. घंटा हा बालश्रम नसून आनंद आहे, असं तीत ठरलं, आणि मग तो आनंद इतका वेळ वाजला की समोरच्या टपरीवाल्यानेही हातातलं काम टाकून डबा उघडला.

साहेबांचा पत्ता नव्हता. स्वागतासाठी दोन रांगा करून उभी केलेली पहिली-दुसरीची मुलं झेंडूच्या पाकळ्या मुठीत घेऊन ताटकळत होती. पिंकी तिकडे जाऊन त्यांना काही तरी सांगून आली. त्यानंतर रांगा बसल्या, मग पसरल्या आणि मग पाकळ्यांनी एकमेकांना मारण्याचा खेळ सुरू झाला. प्रणिता फाटकापासून हॉलपर्यंत आणि हॉलपासून फाटकापर्यंत नुसती येरझारा घालत होती. कोणाला रागवावं? जे बोलायचं ते सगळं तिने आठवडाभर उलट्या बाजूने बोलून ठेवलं होतं.

"यह कचरा कौन उठाएगा?" पटांगणभर पडलेल्या पाकळ्यांकडे बघत निगम मॅडम किंचाळल्या. प्रत्येक मूल विनम्रपणे दुसरीकडे बघू लागलं. निगम मॅडमनी कोपऱ्यातला खराटा उचलला.

नेमकी त्याच वेळी साहेबांची जीप आत आली.

साहेबांनी पाहिलं ते असं. शाळेच्या मुख्याध्यापिका पटांगण झाडत होत्या. सफारीतले एक वयस्क गृहस्थ कमरेला स्वेटर बांधून, डोक्यावर खुर्च्या घेऊन चालले होते. शिक्षिका सतरंज्या ओढत होत्या. आणि शाळेतली सगळी मुलं झाडाखाली आरामात बसून पराठे खात होती.

साहेब जीपमधून उतरले. निगम मॅडमना खराटा लपवायला जागा सापडेना.

"यह सब," साहेब म्हणाले, "आपने सोच-समझकर किया है?"

निगम मॅडम क्षणभरच गोंधळल्या. इतकी वर्षं सरकारी पाहुणे सांभाळलेल्या बाई त्या. "जी बिल्कुल," त्या खराट्यावर रेलून म्हणाल्या. "आज के दिन हमारे यहाँ यही रिवाज है."

"वाह!" साहेब म्हणाले. "हर जगह हम जाते हैं, बच्चे धूप में खड़े मिलते हैं और स्टाफ कुर्सी पर. यहाँ पहली बार उलटा देखा. वाह!"

निगम मॅडमनी प्रणिताकडे पाहिलं. त्या नजरेत सकाळचा राग अजून होता, पण आता त्याला वरून वर्ख लावलेला होता.

चहा आणायला अर्थातच बाबा गेले. किटली घेऊन रस्ता ओलांडून आले, साहेबांना कप दिला आणि स्वतःची ओळख करून दिली, "रंगारी. रेलवे. रिटायर्ड. हम इनके पिताजी." आता साहेब त्यांना बसायचा आग्रह करू लागले आणि बाबा, "नहीं नहीं, हम ठीक हैं," म्हणत खुर्चीच्या आसपास फिरत राहिले.

मग साहेबांपुढे मुलांची सभा सुरू झाली. पिंकी अध्यक्ष होती. पाठ करून ठेवलेली चार वाक्यं कोणाच्याच लक्षात नव्हती. मुलांनी शौचालयाच्या तुटक्या कडीचा विषय काढला, खेळाच्या तासाला गणित घेतात तो काढला, आणि साहेब मान डोलावत ऐकत होते. ऊन इमारतीमागे गेलं होतं. वाऱ्याची एक झुळूक आली आणि कडुलिंबाची पानं सभेवर पडली.

झुळूक आली तसे बाबा उठले. म्हणजे ते बसले नव्हतेच. त्यांनी कमरेचा स्वेटर सोडला, झटकला आणि साहेब, मुलं, सभा, काही न बघता सरळ चालत प्रणितापाशी आले.

"वारा सुटला. घाल आता. हात वर कर."

"बाबा, इथे नको ना..."

"हात वर कर म्हणतो."

स्वेटरचा गळा प्रणिताच्या डोक्याशी येऊन पोचला होता, तेवढ्यात सभेतून आवाज आला.

"दादाजी, आपने मॅडम से पूछा?"

अरमान उभा होता. बाबांचे हात हवेतच राहिले. "क्या पूछा?"

"कि उनको ठंड लग रही है?"

"इसमें पूछना क्या है? हमको मालूम है. हम बाप हैं इसके."

सभेत कुजबुज झाली. अध्यक्षांनी हात वर करून ती थांबवली आणि शांतपणे विचारलं, "दादाजी, मॅडम आपकी बच्ची हैं ना?"

"हाँ, तो?"

"तो पूछना पड़ेगा," पिंकी म्हणाली. "बच्चों के बारे में कुछ भी करना हो तो पहले बच्चों से पूछते हैं. नियम है."

"बात तो सही है, रंगारी साहब," साहेब खुर्चीत पुढे सरकून म्हणाले. त्यांना फार दिवसांनी एखाद्या कार्यक्रमात गंमत येत होती.

बाबांनी निगम मॅडमकडे पाहिलं. तिथून मदत आली नाही. त्यांच्या हातात अजून खराटा होता. मग त्यांनी हातातल्या स्वेटरकडे पाहिलं आणि मग प्रणिताकडे. दाताच्या डॉक्टरपुढे, कापडवाल्यापुढे, कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीपुढे हा माणूस कधी अडखळला नव्हता. आत्ता त्याने घसा साफ केला, सफारीची कॉलर नीट केली आणि परक्या माणसाशी बोलावं तशा संकोचाने, मराठीत विचारलं,

"प्रणू... थंडी वाजून राहिली का तुला?"

मराठी कोणालाच येत नव्हतं, पण काय विचारलं ते सगळ्यांना कळलं होतं.

प्रणिताने या प्रश्नाची किती वाट पाहिली होती! पण आता तो आला, तर सगळी शाळा तिच्या तोंडाकडे बघत होती, तिची बाजू घेऊन भांडलेली मुलं जिंकायच्या तयारीत बसली होती, आणि तिच्या तोंडात सकाळपासून एकच उत्तर तयार होतं. तेच बाहेर पडलं.

"नाही, बाबा."

"मना कर दिया!" अरमान ओरडला. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. साहेबांनीही केला.

बाबांनी मान हलवली. "नाही म्हणते. नाही तर नाही." त्यांनी स्वेटरची घडी घातली, बाह्या आत दुमडून, चौकोनी, आणि बाहेर जाऊन तो स्कूटरच्या डिकीत ठेवून आले. मग येऊन, सगळ्यांच्या देखत, पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.

संध्याकाळी शाळेतून निघताना त्यांनी स्कूटर सुरू केली आणि मागे वळून म्हणाले, "हळू चालवू का?"

"चालेल," प्रणिता चकित होऊन म्हणाली. सकाळपेक्षा आता वारा जास्त होता. तिने पदर पुन्हा हातांभोवती गुंडाळला. बाबांनी अजून एक प्रश्न विचारावा असं तिला वाटत होतं, पण तो एकदा विचारून झाला होता आणि दिलेल्या उत्तराला बाबा पक्के होते. स्वेटर तिच्यापासून हातभर अंतरावर डिकीत होता.

बाबांना मात्र विचारण्याचा नाद लागला. भाजीच्या गाड्यापाशी त्यांनी विचारलं, "गोभी की मेथी?" घरात शिरताना विचारलं, "दार लावू का?" चहा करायच्या आधी विचारलं, चहा केल्यावर विचारलं. टीव्ही लावू का, कुठलं चॅनल लावू, आवाज किती ठेवू. निम्मे प्रश्न ते उभ्याने विचारत आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या खोलीत जात.

"यायले काय झालं वो आज?" गयाबाई घाबरून म्हणाल्या. "ताप-बीप त नाही?"

"विचारून राहिलो. विचारायचं असते," बाबा म्हणाले. "पोरीच्या शाळेत नियमच आहे तसा."

"मले त लग्नापासून कधी काही विचारलं नाही."

"अरे, तर आता विचारतो ना! बोल, जेवायला काय करशील?"

"म्हणजे करायचं मलेच!"

प्रणिता हसता हसता पाटावर बसली. बाबाही हसले. त्या घरात तिघं एकदम असं हसल्याला बरेच दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नेहमीसारखे दूध आणायला गेले आणि दूधवाल्याच्या दुकानापुढच्या बाकावर बसले. ते बसले, हेच दूधवाल्याला विचित्र वाटलं. इतक्या वर्षांत ते कधी बसले नव्हते. त्याने हाक मारली. मग पुन्हा मारली.

घरी खूप माणसं येऊन गेली. विहारातली मंडळी आली, कारखान्यातले आले, एके दिवशी निगम मॅडमही आल्या आणि आईचा हात धरून बराच वेळ बसल्या. प्रत्येकाने प्रणिताला काय कर, काय खा, केव्हा झोप ते सांगितलं. कोणी काही विचारलं नाही. त्या दिवसांत ते सोयीचंच होतं. ती रडली नाही, फारशी बोललीही नाही. लोक म्हणाले, मुलगी धीराची आहे.

डिसेंबरात ती शाळेत जायला निघाली. अंगणात बाबांची स्कूटर उभी होती. कॉलेजात असताना ती मैत्रिणीच्या गाडीवर चालवायला शिकली होती, पण हाही विषय बाबांच्या खात्यात असल्यामुळे घरी कोणाला ते ठाऊक नव्हतं.

"जमन का तुले?" आईने विचारलं.

"बघते."

धुकं एवढं दाट होतं की तेलीबागेचा रस्ता तिने जवळजवळ अंदाजानेच पार केला. शाळेच्या फाटकात उतरली तेव्हा बोटं वळत नव्हती. चष्मा पुसायला फडकं शोधावं म्हणून तिने डिकी उघडली.

स्वेटर तिथेच होता. बाह्या आत दुमडून, चौकोनी घडी. "नाही तर नाही," असं म्हणाले होते, पण नंतर त्यांनी तो घरात नेलाच नव्हता. बाबांनी विचारलं होतं, उत्तर मान्यही केलं होतं. विश्वास तेवढा ठेवला नव्हता.

तिने घडी उलगडली. स्वेटर हातात घेऊन ती नुसतीच उभी राहिली. आजूबाजूला मुलं जमली. कान झाकून घेतलेली, तोंडातून वाफा सोडणारी, आणि एरवी कधी नसतात तशी शांत. अरमानने पिंकीला कोपराने ढोसलं. पिंकीने त्याला ढोसलं. त्यांची आपसांत काही तरी सभा होऊन गेलेली दिसत होती.

"मॅडम," पिंकी म्हणाली, "एक बात पूछें?"

"पूछो."

"ठंड लग रही है?"

सवयीने प्रणिताचं तोंड "नहीं" म्हणायला उघडलं. तसंच ते उघडं राहिलं. मग तिने स्वेटर डोक्यावरून घातला, एक हात बाहीत घातला, दुसरा घातला, गळ्यातून डोकं बाहेर काढलं. मुलांपैकी कोणाला मराठी येत नव्हतं, पण ती मोठ्याने, पटांगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"हो, बाबा. वाजतेय. त्या दिवशीही वाजत होती."